किती घरांची वर्गणी?

शाळेसाठी वर्गणी जमवणाऱ्या पालकाला गाव पहिल्यांदा विचारते ते 'किती जमले?' हेच. माझ्या मते हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न, किती घरांतून जमले? बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातल्या, म्हणजे आमच्या चिंताकी होबळीसारख्या भागातल्या, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेला वाचनालयाचे कपाट हवे असेल, तर एकाने दिलेले वीस हजार आणि दोनशे घरांनी मिळून दिलेले वीस हजार वहीत सारखेच दिसतात. पुढच्या दहा वर्षांत मात्र ते सारखे राहत नाहीत. एकाच्या पैशातले कपाट त्याचे असते. कुलूप मोडले तर गाव त्याच्याच तोंडाकडे बघत बसते. दोनशे घरांचे असेल तर कुलूप कुणी मोडले, किल्ली कुणाकडे आहे, पुस्तके पोरांच्या हातात जातात की धूळ खातात, हे विचारायला दोनशे तोंडे असतात. वर्गणीतून पैसा येतो तसे शाळेवर लक्ष ठेवणारे माणूसही येते, आणि आमच्याकडे पैशापेक्षा त्याचीच टंचाई मोठी आहे.

हे मी नवीन सांगत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत दारोदार फिरून 'पैसा फंड' उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एवढ्या लहान रकमेसाठी दार वाजवण्यात वेळ जातो, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे? १९१९ साली सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य बाजूला काढले, तेव्हा त्या मुठीने पोरे जेवली आणि संस्था घराघरांतल्या चुलीपाशी ओळखीची झाली. आमच्याच जिल्ह्यात, निजामाच्या काळात, भालकीच्या चन्नबसव पट्टद्देवरूंनी बाहेर उर्दूचा फलक लावून आत कन्नड शिकवले, ही गोष्ट इथले मराठी घरही अभिमानाने सांगते. फलकाआड शाळा चालते ती गाव तोंड मिटून पाठीशी उभे असते म्हणून. असे पाठबळ एका धनिकाच्या चेकने येत नाही.

यावर महर्षी कर्व्यांचा दाखला कुणी देईल, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. १८९६ सालच्या अनाथ बालिकाश्रमासाठी कर्वे वर्षानुवर्षे लहानसहान रकमा गोळा करत फिरले, पण १९१६ सालच्या महिला विद्यापीठाला खरी उभारी आली ती विठ्ठलदास ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीने. त्याबरोबर विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी, हे नावही आले. विद्यापीठाला ते पेलले, कारण तेवढे मोठे नाव मावेल एवढी त्याची भिंत होती. चार खोल्यांच्या शाळेला एकच दर्शनी भिंत असते. तिच्यावर एकाचे नाव लागले की बाकीच्यांना वाटते, आपले काम झाले. म्हणून मोठी देणगी मी नाकारणार नाही, पण ती शेवटी घ्यावी. आधी गावाची यादी भरू द्यावी, मग राहिलेला खड्डा मोठ्या हाताने बुजवावा.

खरा भारी आक्षेप वेगळाच आहे. शाळा सरकारची, २००९ च्या कायद्याने शिक्षण मोफत आणि हक्काचे, मग गरिबाच्या दारात हात पसरायचाच कशाला? ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने पालकांकडून दरमहा शंभर रुपये ऐच्छिक देणगी घेण्याची मुभा एसडीएमसींना, म्हणजे शाळा विकास व देखरेख समित्यांना, दिली होती. ओरड झाली आणि ते परिपत्रक मागे घ्यावे लागले. घ्यायलाच हवे होते. दरमहा, ठरावीक आकड्याची आणि वरून आलेली देणगी ऐच्छिक राहत नाही. ती फी होते, आणि न देणाऱ्याचे पोर वर्गात मान खाली घालून बसते. म्हणून माझे दोन दंडक आहेत. छप्पर, शिक्षक, शौचालय, पिण्याचे पाणी यांसाठी वर्गणी काढायची नाही. त्यासाठी पालकांच्या सह्यांचा अर्ज औरादच्या शिक्षण कार्यालयात द्यायचा, त्याची पोच घ्यायची आणि पाठपुरावा करत राहायचे. दुसरा, कुणी किती दिले हे वर्गात कधीही वाचायचे नाही, आणि पोराच्या हाती पैसे मागवायचे नाहीत. मागायला पालकाने पालकाकडे जायचे.

मागण्यातही हंगाम बघावा लागतो. जूनमध्ये बियाणे-खताने घर रिकामे झालेले असते. तेव्हा गेले तर नकार मिळतो आणि देणाऱ्याला नकाराची लाज वाटते, ती वेगळी. मूग-उडीद, सोयाबीन निघाल्यावर जावे, किंवा तूर घरात आल्यावर. हैदराबाद-पुण्याला कामाला गेलेली माणसे येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, गावी येतात, शेतात भज्जी-आंबील होते, मन मोकळे असते. त्यांच्याशी तेव्हाच बोलावे. ज्याच्याकडे नगद नाही त्याच्याकडून दोन शेर तूर घ्यावी आणि आडतीवर विकून आलेली रक्कम त्याच्या नावावर मांडावी. जो काहीच देऊ शकत नाही त्याच्या दोन दिवसांच्या गवंडीकामाचीही पावती फाडावी, मजुरीचा भाव लिहून. १९५६ साली उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी म्हैसूरकडे आले, पण सोयरीक आणि बाजार दोन्ही बाजूंना राहिले. तेव्हा उदगीरच्या आडत्याकडेही जावे. फक्त तो यादीत गावानंतर यावा.

पावतीपुस्तकाबद्दल मी हट्टी आहे. छापील क्रमांक, खाली कार्बन, रक्कम अंकांत आणि अक्षरांत. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून ती पुस्तकातच ठेवायची. मागायला दोघांनी जायचे, त्यातली एक बाई असावी. आणि पैसे ज्या हाताने दिले त्या हाताचे नाव लिहायचे. दुधाच्या, बचत गटाच्या पैशातून दहा रुपये काढून देणारी बाई पदराची गाठ सोडते आणि 'ह्यांचं नाव लिवा' म्हणते. तिथे थांबून तिचे नाव विचारावे आणि तेच लिहावे. ती पावती घरात गणपतीच्या तसबिरीमागे जपून ठेवली जाते, आणि पुढच्या सभेला ती बाई येते. शाळा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात हे कायदा सांगतो. कागदावरच्या त्या निम्म्या बायकांना सभेत बोलते करायला माझ्या माहितीत याहून स्वस्त उपाय नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोबाईलवर क्यूआर कोड फिरवला तर रात्रीत पैसे येतात, असे तरुण पालक म्हणतात. येतात, आणि बाहेरगावच्यांसाठी तो ठेवावाच. पण तो एसडीएमसीच्या खात्याचा असावा, कुणा एकाच्या मोबाईलचा नव्हे; आणि त्यातून आलेल्या प्रत्येक रकमेचीही पावती फाटावी. हिशेब मात्र मोबाईलवर टाकून भागत नाही. तूर निघाल्यानंतर सव्वीस जानेवारी येते. झेंडा झाला की मुले बसलेली असतात, गाव उभे असते. तेव्हा जमा आणि खर्च मराठीत आणि कन्नडात, दोन्ही भाषांत मोठ्याने वाचावा: कपाट इतके, टेम्पोभाडे इतके, कुलूप इतके, शिल्लक इतकी. वाचून झाल्यावर लगेच टाळ्या घेऊ नयेत. जरा थांबावे. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारते, टेम्पोला एवढे कसे लागले? दहा रुपयांची पावती घरी असलेल्या माणसाचा तो प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर भाड्याचा कागद दाखवून, तिथेच, सगळ्यांसमोर द्यायचे असते.