झेपेल तेवढं

डिचोलीतल्या आमच्या घरी चवथीला माटोळी बांधायचं काम माझ्याकडे असायचं. सुपारीचे घड, कांगलां, नारळ, सगळं हात वर धरून बांधायचं. पुढे हात खांद्याच्या वर जाईनासे झाले. आता मी खाली उभा राहतो आणि एकेक फळ पुतण्याच्या हातात देतो. माझी स्नायूंची झीज कंबर आणि खांद्यांभोवतीची. डॉक्टर तिला लिंब-गर्डल डिस्ट्रॉफी म्हणतात.

पणजीत या आजाराच्या मुलांसाठी मदतफेरी निघणार होती. मी नाव दिलं तेव्हा घरात कुणालाच पटलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. निरोगी माणसाचा स्नायू कष्टाने थोडा दुखावतो, विश्रांतीत भरून येतो आणि आधीपेक्षा बळकट होतो. आमच्यात ही भरपाईच अपुरी पडते. गेलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू साचत जातात. स्नायूंच्या झिजेच्या डुशेन प्रकारातल्या लहान मुलांच्या पोटऱ्या त्यामुळेच भरदार दिसतात, आणि पाहुणे कौतुकाने म्हणतात, पोराच्या पायांत काय बळ आहे! त्या आईला ते ऐकून घ्यावं लागतं. दमेपर्यंत चालणं आम्हाला परवडत नाही. त्यातही चढण्यापेक्षा उतरणं स्नायूला जास्त जाचतं. निघताना आई एवढंच म्हणाली, "बाबा, जमता तितलेंच चल."

कला अकादमीपासून मिरामारच्या दिशेने निघालो. सकाळचा मांडवीवरचा वारा अंगावर येत होता. तरुण मंडळी झपाझप पुढे गेली. मी पाय टाकतो तेव्हा कंबर डावी-उजवीकडे झुलते, नजर सतत खाली असते. सपाट रस्ता मला चालतो. पदपथ संपून रस्त्यावर उतरायची वीतभर पायरी आली की थांबावं लागतं. तिथे एका मुलीने न विचारता दंड धरायला हात पुढे केला नाही. तिने स्वतःचा खांदा जवळ आणला आणि विचारलं, "काका, धरता?" मदत कशी करावी हे तिला कुणीतरी नीट शिकवलं होतं. कांपालला झाडाखाली बसलो. पुढचा रस्ता व्हीलचेअरवरून केला, आणि तोही माझ्या लेखी फेरीतच धरायचा.

व्हीलचेअरवरल्या माणसाला बघून लोकांचे डोळे भरतात. ती माया खरी असते. पण मला मायेपेक्षा उतार हवा आहे, बसायला बाक हवा आहे, पेडण्याच्या आतल्या गावात घरी येणारा फिजिओथेरपिस्ट हवा आहे. आज तिथल्या मुलाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचं तर आईबापाचा दिवस मोडतो. 1995च्या अपंगत्व कायद्यात सातच प्रकार होते. 2016च्या कायद्यात ते एकवीस झाले, तेव्हा आमच्या आजाराला नावानिशी जागा मिळाली. 2023च्या जानेवारीत याच पणजीत पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा महोत्सव भरला आणि वेगवेगळी शरीरं घेऊन माणसं उजळ माथ्याने शहरभर फिरली. हे मोठं काम झालं. गावच्या पायरीपर्यंत ते अजून पोचायचं आहे.

फेरी काढणाऱ्यांना विनंती आहे. मार्ग ठरवायच्या आधी तो एकदा व्हीलचेअर ढकलत पार करा, आणि जमलेल्या पैशातून आधी घरपोच उपचारांची सोय करा.

आणि तुमच्या वाड्यावर एखादा मुलगा जमिनीवरून उठताना आधी हात टेकत असेल, मग गुडघे धरत, स्वतःच्याच मांड्यांवर हात चढवत उभा राहत असेल, वारंवार पडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. 1879मध्ये गोवर्स या डॉक्टरने स्नायूंच्या झिजेतल्या या उठण्याचं वर्णन करून ठेवलं आहे. त्याच्या घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या आणि रक्ताची सीपीके तपासणी करायची का, हे विचारा.