साध्या माशीमारांचे खण

ओळख न पटलेला माशीमार टेबलावर आला की मी दुर्मीळ पक्ष्यांचं कपाट उघडत नाही. आधी त्याच्या सर्वांत साध्या भाईबंदांचे खण बाहेर काढते आणि दहा-वीस नमुने, म्हणजे जपून ठेवलेली पक्ष्यांची कातडी, खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा उजेडात उताणे मांडते. मग तो संशयित मधे ठेवते. जुन्या नमुन्यांना आर्सेनिक लावलेलं असतं, म्हणून हातमोजे चढवायचे आणि घाई करायची नाही.

काश्मिरी माशीमाराचा नर घ्या. त्याच्या छातीचा तांबडा रंग लाल छातीच्या माशीमारापेक्षा गडद असतो, खालपर्यंत उतरतो आणि त्याला काळी किनार असते. पुस्तकात हे सोपं वाटतं. एकटा नमुना हातात असला की मात्र ‘एवढा गडद पुरे का?’ हा प्रश्न सुटत नाही. शेजारी रांग असली की तो बहुधा पडतच नाही.

मादी आणि पिल्लं एवढी दया दाखवत नाहीत. तिथे फूटपट्टी आणि कॅलिपर लागतात: पंख, शेपटी, नडगी, कवटीपासून मोजलेली चोच. पंखातलं कोणतं पीस कोणत्या पिसापेक्षा किती लांब, हेही पाहावं लागतं. लाल छातीचा आणि तैगा माशीमार दीर्घकाळ एकाच जातीत धरले जात. तैगाच्या शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीहूनही काळीभोर असतात. रानात पक्षी पाठ फिरवून तेवढा वेळ बसेल याची खात्री नसते. खणात त्याला उलटं करता येतं.

पण कातडं सगळंच सांगत नाही, आणि काही वेळा फसवतंही. तपकिरी रंग वर्षानुवर्षं पडून तांबूस होत जातो. निळा बराच टिकतो, कारण तो रंगद्रव्याऐवजी पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो. म्हणून शतकभर जुना साधा तपकिरी माशीमार नव्या नमुन्यांशेजारी ठेवला, तर एखादी तांबूस, अनोखी जात सापडल्याचा भास होतो. जुन्याची तुलना जुन्याशीच करायला हवी.

तपकिरी छातीच्या माशीमाराचे पाय फिकट असतात, साध्या तपकिरीचे काळे. वाळल्यावर या फरकाचा भरवसा उरत नाही. नमुना ताजा असताना कुणी पायाचा रंग चिठ्ठीवर लिहिला असेल, तर ती ओळ सोन्याच्या मोलाची.

चिठ्ठीचीही उलटतपासणी करावी लागते. 1881 साली उस्तालेनं रूकचा निळा माशीमार वर्णिला. त्याच्या दोन नमुन्यांवर ठिकाण होतं मलाक्का, म्हणजे व्यापाराचं बंदर. पक्षी खरंच तिथला की विक्रीसाठी तिथे पोचलेला, ही शंका पुढे कायम राहिली. त्यानंतरचे दोन नमुने 1917 आणि 1918 साली सुमात्रात, मेदानजवळ मिळाले. एका जातीबद्दलचं जगाचं ज्ञान दीर्घकाळ या चार नमुन्यांवर उभं होतं. चारांत वय, ऋतू, नर-मादी यांमुळे होणारे फरक कसे मावणार?

थोड्या नमुन्यांवरून नवं नाव देण्याचा मोह पुण्यालाही शिवून गेला आहे. 1832 साली साइक्सनं दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत एका माशीमाराला ‘पूनेन्सिस’ म्हटलं. आज तो वेगळी जात मानला जात नाही. तो आपला हिवाळी पाहुणा, साधा तपकिरी माशीमार. साइक्सला दोष देता येत नाही. त्याच्यासमोर आशियाभरच्या नमुन्यांची रांग कुठे होती?

म्हणून वर्णन लिहिताना मी एक नियम पाळते: कुठलंही विशेषण एकटं सोडायचं नाही. ‘फिकट’ लिहिलं की कशाहून फिकट. ‘लांब चोच’ म्हटलं की कुणापेक्षा, किती मिलिमीटरनं आणि किती नमुन्यांत. सोबत कोणत्या संग्रहातला कोणता नमुना, तेही. पुढच्या माणसाला तोच खण उघडून मला खोटं पाडता आलं पाहिजे.

दुर्मीळ माशीमार ओळखायला शिकवा, असं म्हणत कुणी आलं की मी त्यांच्या हाती साध्या तपकिरींचा खण देते. बहुतेकांचा हिरमोड होतो. जे तरीही मोजत बसतात, त्यांच्या टेबलावर पुढे कधी खरा वेगळा पक्षी आला, तर तो चुकून साध्यांच्या खणात परत जाणार नाही.