बाभूळ, वाकस आणि उदगीर

उदगीरला पाहण्यासारखे काय आहे, असे कोणालाही विचारा; तो किल्ला सांगेल. ते बरोबरच आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला येथेच नमवले, आणि पुरते वर्षही उलटले नाही तोच, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झाले. उदगीरच्या विजयाची गोष्ट निघाली की इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचे कौतुक होते. पण तोफ हलते गाड्यावर, गाडा चालतो चाकावर आणि चाक करतो सुतार. त्या सुताराचे नाव बखरींत शोधायला जाऊ नये.

मी किल्ला पाहिला, उदागीरबाबांच्या समाधीला नमस्कारही केला. परंतु गेलो होतो तो सुतारासाठी. मी स्वतः सुतार नव्हे. जन्म कारकुनीत गेला. मात्र गेली चाळीस वर्षे दर रविवारी मागल्या पडवीत माझा रंधा चालतो. आमच्या घरात एका स्टुलामागे अकरा रंधे आहेत, असे सौभाग्यवती पाहुण्यांना सांगते. आकडा खरा आहे. स्टूल मात्र दोन आहेत.

लातूर रोडहून विकाराबादकडे जाणारी गाडी उदगीरला सोडते. पुढे भालकी, बीदर. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच मराठी, दखनी उर्दू आणि कानडी अशा तिन्ही भाषा एकाच चहाच्या गाड्यावर ऐकू येतात. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, आणि उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात. १९५६ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले, १९८२ मध्ये लातूरमध्ये. राज्ये आणि जिल्हे बदलले, तरी सुताराच्या पेटीतली सरमिसळ तशीच राहिली. ‘रंधा’ फारसीतून आला. ‘सरेस’ही तिकडचाच. काटकोन पाहायचा ‘गुण्या’ तर मूळ ग्रीक. कोनाला ग्रीक माणूस ‘गोनिया’ म्हणे, तो शब्द इराणवरून फिरत फिरत आमच्या पडवीत येऊन पोचला. ‘करवत’ संस्कृत करपत्राची नात. आणि खुद्द ‘सुतार’ म्हणजे सूत्रधार, हातात सूत धरणारा. गेरूत भिजवलेले सूत लाकडावर ताणून टणकन सोडले की जी तांबडी रेघ उमटते, तिच्यापुढे कागदावरची कोणतीही आखणी मला फिकी वाटते. मीटर-सेंटिमीटर कायद्याने येऊन साठ वर्षे उलटली. पण सुतार अजून इंचाचे आठ सूत करूनच बोलतो.

ज्यांच्याकडे गेलो त्यांचे गाव उदगीरपासून एस्टीने तासाभरावर, देवणीच्या बाजूला. नाव सांगत नाही. त्यांना ते आवडायचे नाही. सत्तरी ओलांडलेली, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. लिंबाखाली बसले होते. मी रेंगाळलेला पाहून म्हणाले, “काय बघलालाव, सायेब? बसा की.”

मी पाहत होतो त्यांचे पाय. शहरातला सुतार टेबलाला शेगडा लावून लाकूड आवळतो. मामांचा शेगडा म्हणजे त्यांच्या पायाचे दोन अंगठे. बाभळीचा ओंडका टाचेखाली, आणि वाकस येतो तो आपल्याच दिशेने. घाव पायापासून दोन बोटांवर पडतो आणि ढलपी निघते ती कागदासारखी. माझ्याकडचा विलायती रंधा ज्या कामाला अर्धा तास घेईल ते काम त्या वाकसाने पाच मिनिटांत होत होते. जपानी कारागीरही बसून काम करतात आणि त्यांची करवतही ओढताना कापते, हे मी पुस्तकात वाचले होते. पुस्तकातले पटायला कधी कधी देवणीपर्यंत यावे लागते.

बाभूळ हे येथले खरे लाकूड. साग घराच्या दारांना. नांगर, कुळव, तिफण, गाडी यांना बाभूळ. ती चिवट खरी, पण ओली वापरली तर पोरकिडा लागतो. म्हणून पूर्वी तोडलेले ओंडके विहिरीत नाही तर ओढ्याच्या डोहात महिनोन् महिने बुडवून ठेवत. तिच्यातला रस पाण्यात उतरतो, मग किडीला गोडी राहत नाही. त्यानंतर सावलीत सुकवायचे. उन्हात ठेवली की ती तडकते. “घाई केली की बाबळ रुसती,” मामा म्हणाले.

तिफणीचे चाडे त्यांनी मला हातात दिले. लाकडाची वाटी, तळाला तीन भोके. बाई मुठीतून बी सोडत चालते. ते तीन नळ्यांतून तीन फणांमागे तासांत पडते. भोके एकाच मापाची आणि एकाच उताराची नसली तर एका तासात बी दाट पडते, दुसऱ्यात विरळ. त्या दिवशी कोणाला काही कळत नाही. आठ-दहा दिवसांनी ज्वारी उगवली म्हणजे साऱ्या गावाला रस्त्यावरून दिसते. कवीची चूक समीक्षकाला दिसते, वकिलाची न्यायाधीशाला. सुताराची चूक शेतात उगवते, आणि सुगीला बलुते घ्यायला त्याला त्याच बांधावरून जावे लागते.

गाडीच्या चाकाचे काम मामांनी नुसते सांगितले, कारण करून दाखवायला आता चाकच नाही. मध्ये तुंबा, त्यात आरे, बाहेर पुठे. आणि सर्वांना आवळणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकाहून थोडी लहान करायची. गोवऱ्यांच्या आगीत तापली की इंचभर फुगते. तेवढ्यात सांडशींनी उचलून चाकावर चढवायची, हातोडे घालायचे आणि पाणी ओतायचे. निवताना ती आवळते आणि सगळे सांधे कडाकडा बोलत बसतात. सुतार आणि लोहार दोघांची अब्रू त्या पाच मिनिटांवर. आता रबरी टायरची गाडी आली, तिच्यामागून ट्रॅक्टर. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, अख्खी गावे आंबिलीचे मडके, भज्जी आणि बाजरीचे उंडे घेऊन शेतावर जातात, तेव्हा एखादी बैलगाडी अजून दिसते. देवणी बैलांची जोडी, पांढऱ्यावर काळे ठिपके. पण जू सुताराने बैलाचे खांदे मापून केलेले नसते, बाजारातून आणलेले असते. मामांना ते लांबून कळते. ते तोंड फिरवतात.

“मग आता काम कसले?” मी विचारले.

“पाडायचं.”

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. गावातला एक जुना वाडा उतरवत होते. या भागातली घरे माळवदाची. घराचे माप खणावर. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यांवर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात आत गेले की डोक्यावरून ओला पंचा फिरवल्यासारखे वाटते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच जिल्ह्यात किल्लारीला जमीन हलली, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली व त्या मातीच्या छतांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. तेव्हापासून माळवदाखाली झोपायला माणसे भितात, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार पंख्याखाली झोपणाऱ्या मला नाही. एवढे मात्र लिहून ठेवले पाहिजे, की भिंती बाहेर पडल्यावरही पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता. सुताराचे काम निकामी ठरले नव्हते. त्याच्या डोक्यावर ओझे भलते होते.

आता शहरांतून व्यापारी येतात. जुना साग, कोरीव चौकटी, खांब घेऊन जातात; ते कोणाच्या तरी हॉटेलात नाही तर फार्महाउसात उभे राहतात. असा वाडा पहारीने पाडला तर लाकूड फाटते, म्हणून मामांना बोलावतात. त्यात खिळा नाही. कुसू भोकात, आणि आडवी लाकडी खुंटी. खुंटी कोणत्या बाजूने ठोकली होती हे ज्याला माहीत त्यालाच ती काढता येते. मामा एकेका सांध्यापाशी थांबत, बोटाने धूळ पुसत, आणि मोगरीचा एक हलका टोला. एका कुसवाजवळ पटाशीने पाडलेल्या तीन तिरप्या खुणा होत्या, आणि समोरच्या भोकापाशी तशाच तीन.

“आज्याची खूण,” ते म्हणाले. “हा कुसू ह्याच भोकात जावा म्हणून.”

व्यापाऱ्याच्या माणसाने तुळई टेम्पोत चढवली, दुसऱ्या घराच्या तुळयांबरोबर. आता तीन खुणांचा कुसू कोणत्या भोकात जाईल कोण जाणे. मामा काही बोलले नाहीत. मजुरी मोजून घेतली.

संध्याकाळी मी धीर करून विषय काढला. मुलगा पुण्याला प्लायवूडचे फर्निचर करतो, विजेच्या यंत्रांवर, आणि चांगले करतो. वडिलांची हत्यारे त्याला नकोत. भंगारवाला किलोने मागून गेला होता. मी म्हटले, “मामा, वाकस मला द्या. म्हणाल ती किंमत.”

“भिंतीला टांगणार?”

“नाही. चालवणार.”

त्यांनी बाभळीचा तुकडा माझ्यापुढे टाकला. मी चपला काढल्या, बसलो, तुकडा टाचेखाली धरला आणि वीस-पंचवीस घाव घातले. त्यांनी तुकडा उचलून उजेडाकडे धरला, एका कडेवरून अंगठा फिरवला.

“हात बसलाय,” म्हणाले. “पर वाकस न्हाई द्यायचा. गावात अजून तीन तिफणी हायत. मृगाच्या आधी येतेत लोक.”

मग पेटीच्या तळातून त्यांनी एक किंकरे काढले, अर्ध्या इंचाचे, धार शाबूत, दांडा मात्र फुटलेला. त्याचे पैसे घेतले नाहीत. दांडा माझ्याकडून करून घेतला. बाभळीचाच. एस्टीची शेवटची गाडी सव्वासातला होती, आणि तो सात वाजता बसला.