कातारी आहे, सिस्टर नाही

जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने 255 पदांची भरती काढली. जाहिरात मी बारकाईने वाचली. आमच्या पोरापोरींना कुठे जागा निघाल्या हे सांगणं हाही नर्सिंगच्या मास्तरकीचा भाग असतो. लिपिक 125, मिश्रक 27, शिक्षक 12, प्रयोगशाळा तंत्रज्ञ 8, शिवणकाम आणि सुतारकाम निदेशक दहा-दहा. शेवटी एकेका जागेची पदं : लोहारकाम निदेशक, करवत्या, कातारी, जोडारी, पंजा व गालिचा निदेशक. यादी दोनदा खालीवर केली. अधिपरिचारिका त्यात नव्हती.

कारखाना विभागाला कातारी हवाच, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण तुरुंगातल्या नर्सचा पगार किती आणि तिच्यावर कामाचा बोजा किती, असं कुणी विचारलं की मला ही यादी आठवते. काम रोज होतंय. करणाऱ्याचं नाव मात्र मस्टरवर बहुतेक वेळा दुसऱ्याच पदाखाली असतं. गोळ्या मिश्रक वाटतो, ताप वॉर्डबॉय म्हणून नेमलेला शिक्षाबंदी बघतो, आणि रात्री छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचं दुखणं खरं की नाटक, हे पहाऱ्यावरचा शिपाई ठरवतो.

नागपूरचं मध्यवर्ती कारागृह 1864 सालचं. वर्धा रोडवर, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून, म्हणजे आमच्या मेडिकलपासून अगदी जवळ. अधिकृत क्षमता 1840 बंद्यांची. प्रत्यक्षात माणसं त्याहून कितीतरी जास्त. हे एकट्या नागपूरचं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 आणि आत माणसं 5,73,220. तीनशे बंद्यांमागे एक डॉक्टर असावा असा दंडक आहे. 2025 च्या इंडिया जस्टिस रिपोर्टने देशाची सरासरी काढली ती 775 मागे एक. डॉक्टरांचा निदान हिशेब तरी होतो.

मी सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते. विदर्भातल्या तुरुंगांत आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने गेले आहे, आणि माझ्या काही विद्यार्थिनींनी कंत्राटावर तिथे काम केलंय. आत शिरताना मोबाइल गेटवर ठेवायचा, झडती द्यायची आणि ट्रे मोजून न्यायचा. सुया किती, कात्री किती, काचेचे अँप्यूल किती. परत येताना फोडलेल्या अँप्यूलची मानसुद्धा हिशेबात भरावी लागते, कारण काचेचा तेवढा तुकडा मनगटाला पुरतो. वॉर्डात ज्या इंजेक्शनला दोन मिनिटं लागतात, त्याला इथे दहा लागतात. गोळी दिली, पाणी पाजलं, आता तोंड उघड, जीभ वर कर. झोपेच्या गोळ्या गालात साठवून बराकीत विकल्या जातात किंवा एकदम घेतल्या जातात. त्यात विदर्भातला सुपारी-तंबाखूचा खर्रा! कित्येकांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. तिथे जिभेखाली काय दडलंय ते बघणार कसं?

सगळ्यात जास्त मी विद्यार्थ्यांशी बोलते ते इन्सुलिनवर. पुस्तकात लिहिलंय, जेवणाआधी अर्धा तास. तुरुंगात संध्याकाळचं जेवण साडेचार-पाचलाच वाटलं जातं, कारण अंधार पडायच्या आत गिनती होऊन बराकी बंद व्हायला हव्यात. सिस्टर चारला इन्सुलिन देऊन मोकळी होते. पण पाचला कुणाला भूक असते? बंदी ताट झाकून ठेवतो आणि आठ-नऊला जेवतो. मधल्या वेळात साखर उतरते, घाम सुटतो, माणूस बरळायला लागतो. आजूबाजूचे समजतात, याचं डोकं फिरलं. तोवर कुलूप लागलेलं असतं, आणि रात्री बराक उघडायची तर अधिकाऱ्याला बोलवा, चावी आणा. माझ्या एका विद्यार्थिनीने यावर साधा तोडगा काढला. इन्सुलिनवाल्याने दोन पोळ्या तिच्यासमोर खायच्या, उरलेलं ताट रात्रीसाठी. शेजारी झोपणाऱ्या दोघांना खुणा शिकवल्या आणि परवानगी काढून साखरेची पुडी त्यांच्याकडे दिली. हे औषध कुठल्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. परिचर्या म्हणतात ती हीच, आणि त्यासाठी रोज एकाच माणसाने येऊन बघावं लागतं.

नव्या आमदीची, म्हणजे नव्याने आत आलेल्या बंद्यांची तपासणी हे दुसरं मोठं काम. दारू सुटलेला माणूस पहिल्या दिवशी नुसता थरथरतो. खरा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, जेव्हा भास सुरू होतात आणि झटके येतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेल्यांत सिकलसेलचे रुग्ण निघतात. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 ला टेकला, बराकीत पाणी कमी पडलं की यांची हाडं आतून ठणकायला लागतात. बाहेरून सूज नाही, जखम नाही. असा माणूस किंचाळला तर त्याला नौटंकी म्हणणं सोपं. पहिल्याच दिवशी ‘घरात कुणाला सिकलसेल?’ असं विचारून तो कागद फायलीत वर लावला असेल तरच शिपाई ऐकतो.

वजनं, बीपी, क्षयाच्या गोळ्या समोर गिळवणं, महिला विभागातल्या गरोदर बाया आणि आईजवळ राहणाऱ्या सहा वर्षांखालच्या लेकरांच्या लसी, हे वेगळंच. मेडिकलला न्यायचं तर पोलिसांचा बंदोबस्त मिळायला हवा. नाही मिळाला तर तारीख पुढे आणि दुखणं परत सिस्टरच्या गळ्यात.

हा बोजा मोजायचा कसा? भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. ते खाटांवर बसवलेलं. तुरुंगाच्या दवाखान्यात खाटा मोजक्या आणि आजारी माणसं बराकींत पसरलेली. कागदावर सिस्टरकडे पंधरा खाटा, प्रत्यक्षात दोन हजार माणसं.

आता पगार. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी एस-13, म्हणजे 35,400 पासून 1,12,400. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तेच शिक्षण घेतलेली मुलगी महिना 20,000 वर कंत्राट करते. तुरुंगात कामाला गेलेल्या माझ्या विद्यार्थिनी या दुसऱ्या प्रकारातल्या. त्यांतल्या एकीला पगार तीन-तीन महिने उशिरा मिळायचा, आणि रजा घेतली तर बदली म्हणून कुणी येत नसे. केंद्र सरकारच्या नर्सेसना सातव्या वेतन आयोगानंतर 7,200 रुपये नर्सिंग भत्ता मिळू लागला. तो आम्हालाही द्या, ही 2022 च्या राज्यव्यापी संपातली मागणी होती. त्या संपाचं मूळ कारण बाह्यस्रोतातून भरतीला विरोध हे होतं. माझ्या अनुभवाने सांगते, तो विरोध सगळ्यात जास्त तुरुंगात लागू पडतो. कंत्राटी सिस्टर अकरा महिन्यांनी जाणार. बंद्याच्या अंगावर मार दिसला तर ती नोंद करेल का? करार ज्याच्या शेऱ्यावर वाढायचा, त्याच्याच कोठडीतला तो वळ असेल तर?

फ्रान्सने 1994 मध्ये कैद्यांची आरोग्यसेवा सार्वजनिक रुग्णालयांकडे दिली, इंग्लंडने 2006 पर्यंत ती राष्ट्रीय आरोग्य सेवेत आणली. आपल्याकडेही वैद्यकीय अधिकारी आरोग्य खात्याकडून प्रतिनियुक्तीवर येतात. तीच वाट सिस्टरला द्यावी. मेडिकलच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापनेवर नियमित पद, दोन वर्षांची पाळी, वर भत्ता, आणि गोपनीय अहवाल अधीक्षकाऐवजी मेट्रनने लिहावा. रात्रपाळीसुद्धा धरून पाच-सहा जणी तरी लागतील.

पालक विचारतात, मॅडम, कैद्यांमध्ये पोरगी सुरक्षित राहील का? राहते. कुठल्याही सरकारी कॅज्युअल्टीत रात्री दोनला मयताच्या नातेवाइकांसमोर उभं राहण्यापेक्षा जास्त सुरक्षित. बंद्यांना सिस्टरची किंमत असते.

ती नसली की काय होतं, तेही नागपूरने पाहिलंय. माओवादी संबंधांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेले प्रा. जी. एन. साईबाबा 7 मार्च 2024 ला इथून चाकाच्या खुर्चीत बाहेर आले. खटल्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, नव्वद टक्के अपंगत्व असलेल्या त्या माणसाला रोजच्या हालचालींसाठी सोबतच्या बंद्यांचा आधार घ्यावा लागला. उचलून बसवणं, कूस बदलणं आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो, प्रात्यक्षिक घेतो, गुण देतो. इथे ते काम ज्यांनी केलं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

2024 च्या फेब्रुवारीत राज्याने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात नर्सेसही आहेत. तेव्हापासून माझ्या वर्गातल्या हुशार मुली संध्याकाळी जर्मनच्या शिकवणीला जातात. तिथला पगार, पाळ्या, सुट्ट्या सगळं त्यांना तोंडपाठ. वर्धा रोडवरच्या नोकरीबद्दल विचारलं तर त्यांना सांगायला माझ्याकडे एक जाहिरातसुद्धा नाही.