आजीचा गुडघा आणि एक ज्यूल

लेसर हा शब्द आपल्याला काही नवीन नाही. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी फुल फॉर्म विचारला की एका दमात सांगायचा आणि "सुटलो बुवा" म्हणत बाहेर यायचं! पण हाच लेसर आमच्या आजीच्या गुडघ्यावर आला, तेव्हा मला फुल फॉर्मच्या पुढचं बरंच काही शोधावं लागलं.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या रस्त्याला. आजीची सगळी हयात रानात उकिडवं बसून खुरपण्यात गेली. दोन्ही गुडघे झिजले. तुळजापूरला दर्शनाला गेलो की देवळाच्या पायऱ्या उतरताना तोंडात आईचं नाव आणि चढताना गुडघ्याचं! शेवटी एका दवाखान्यात लेसरच्या दहा सिटिंग सांगितल्या. एका सिटिंगचे पैसे म्हणजे खुरपणीची एका दिवसाची मजुरी, हा हिशोब आजीचाच. सहा सिटिंग झाल्या तरी फरक शून्य. मी सुट्टीत घरी गेलो तर म्हणाली, "काय रं, तू तर लाईटीचंच शिकतूस नव्हं? मग सांग, ही बॅटरी दावून गुडघा बरा हुतो व्हय?"

प्रश्न रास्त होता. मी वाचायला बसलो.

या उपचाराची सुरुवात हंगेरीत झाली. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर लेसरने कॅन्सर होतो का, हे उंदरांवर तपासत होते. कॅन्सर झाला नाही, पण प्रकाश पडलेल्या जागी भादरलेले केस लवकर उगवले. तिथून कमी शक्तीच्या लेसरचा उपचार सुरू झाला. ऑपरेशनचा लेसर वेगळा. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजातून १९५८ साली बी. ई. झालेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे आणला. तो उष्णतेने कापतो. दुखण्यावरचा लेसर काही कापत नाही. त्याचा प्रकाश पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात शोषला जातो आणि त्यामुळे सूज व वेदना कमी होतात, असं मानलं जातं.

मग तो लागू पडतो का? इथेच खरी गंमत आहे. गुडघ्याच्या झिजेवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. २०१९ साली अशा २२ चाचण्या एकत्र करून डोसप्रमाणे वेगळ्या काढल्या, तेव्हा शिफारस केलेला डोस दिलेल्या रुग्णांना जास्त आराम पडलेला दिसला. हा डोस गुडघ्याच्या प्रत्येक बिंदूला मोजायचा : ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेसरने ४ ते ८ ज्यूल, ९०४ नॅनोमीटरच्या लेसरने १ ते ३ ज्यूल. फार वाढवूनही उपयोग नाही, डोस मर्यादेबाहेर गेला की परिणाम उलट घटतो. आपल्या मेसच्या आमटीतल्या मिठासारखंच, कमी पडलं तर आळणी आणि जास्त झालं तर खारट.

पुढच्या सिटिंगला मी आजीबरोबर गेलो. मदतनीस ताईंनी प्रोब लुगड्यावरूनच, थोडा वर धरून, एकाच जागी एक मिनिट दाखवला. लाल ठिपका दिसत होता, पण तो नुसता खुणेचा. ९०४ चा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून तर त्या तरंगलांबीचा खास चष्मा रुग्णाने आणि देणाऱ्याने दोघांनीही घालायचा असतो. मशीनच्या मागच्या पट्टीवर लिहिलं होतं : पीक पॉवर २० वॉट, पल्स २०० नॅनोसेकंद. स्क्रीनवर १००० हर्ट्झ.

२० वॉट वाचून कोणीही दबकेल. पण गुणाकार करून बघा. एका पल्समध्ये ४ मायक्रोज्यूल, सेकंदाला हजार पल्स, म्हणजे सरासरी पॉवर फक्त ४ मिलिवॉट! एका मिनिटात ०.२४ ज्यूल, त्यातही लुगड्याने अडवलेला आणि कातडीवरून परावर्तित झालेला प्रकाश वजा. किमान १ ज्यूलसाठी त्याच बिंदूवर २५० सेकंद हवेत, म्हणजे चार मिनिटं दहा सेकंद, तेही प्रोब उघड्या कातडीला टेकवून.

मी वहीचं पान फिजिओथेरपिस्ट मॅडमपुढे ठेवलं. वाटलं, आता हाकलून देतील. पण त्यांनी शांतपणे वाचलं, मशीनचं पुस्तक काढून ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिशोब बरोबर आहे. पण एका गुडघ्याला पाच बिंदू म्हणजे वीस मिनिटं. बाहेर बाकड्यावर किती जण बसलेत, बघितलंस?" मी बघितलं. बाकडं भरून माणसं भिंतीलाही टेकली होती. त्या एकट्या, मशीन एक, आणि त्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. त्यांना तरी काय बोलणार?

तरी उरलेल्या सिटिंग त्यांनी आजीला दुपारी, गर्दी ओसरल्यावर बोलावून पूर्ण वेळ दिल्या. सोबत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आणि खुरपताना बसायला पाट घ्यायला सांगितलं. आजी आता पायरीवर पूर्वीइतकी थांबत नाही. श्रेय लेसरचं, व्यायामाचं, पाटाचं की विचारपूस करणाऱ्या मॅडमचं? एका आजीवरून ते सिद्ध होत नाही, आणि झीज तर कशानेच भरून आलेली नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. हीच आजी कृषी सेवा केंद्रात फवारणीचं औषध घेताना पहिला प्रश्न विचारते, "पंपाला किती मिली?" तो ऐकल्याशिवाय पिशवीतून पैसे काढत नाही. सोयाबीनसाठी जो प्रश्न तिला सुचतो, तो स्वतःच्या गुडघ्यासाठी विचारायला तिची जीभ रेटत नाही. मशीन दिसलं की आपली माणसं गप्प बसतात.

म्हणून दोस्तांनो, तुमच्याही घरी आई-वडील, आजी-आजोबा अशा मशीनखाली जात असतील तर एकदा सोबत जा. भांडायला नको, अदबीनेच विचारा : तरंगलांबी किती, सरासरी पॉवर किती, एका बिंदूला किती सेकंद? पॉवर गुणिले वेळ एवढंच तर गणित आहे, फर्स्ट इयरलाच झालेलं. पेपरात ते दोन मार्कांना येतं. घरी त्यावर कुणाची तरी दहा दिवसांची मजुरी अवलंबून असते.