काटकोन, कोटिकोन आणि कांदाचाळ

दिवाळीत देवळ्याला गेलो की भाचरांचा अभ्यास घ्यायचं काम हमखास माझ्याकडे येतं. यंदा सातवीतला भाचा होता. शाळा सेमी इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकीचं मराठीत. ओट्यावर बसून तो घोकत होता, "कॉम्प्लिमेंटरी 90, सप्लिमेंटरी 180..."

शेजारीच नाना, म्हणजे माझे वडील. आम्हा भावंडांची सगळी गणितं नानांनीच करून घेतलेली. आता मात्र म्हणाले, "हे इंग्रजीतलं मला नाही जमायचं रे बाबा." आणि गप्प बसले.

गंमत बघा. याच नानांनी दोन कांदाचाळी स्वतः आखून बांधून घेतल्यात. कोपऱ्यात खुंटी ठोकायची, एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट मोजायचे, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर 5 फूट भरलं की कोपरा गुण्यात आला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त काटकोन त्रिकोणाचं पहिलंच उदाहरण 3, 4, 5 चं आहे! तिथे बाजूंची नावं भुज, कोटि आणि कर्ण. आणि हे भास्कराचार्य काही लांबचे नव्हेत. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळ पाटण इथे आहे.

समांतर रेषा आणि छेदिका शिकवायची तर आमच्या कसमादेत डाळिंबाची बाग पुरे. ड्रिपचा मुख्य पाइप ही छेदिका. प्रत्येक नळी त्याच्याशी एकाच बाजूला सारखाच कोन करून निघाली, तर नळ्या समांतर राहतात. हेच संगत कोन!

आता मराठी शब्द सगळेच सोपे आहेत असं मुळीच नाही. लघुकोन, विशालकोन ऐकताच कळतात, पण 'व्युत्क्रम कोन' म्हटलं की आम्हालाही घाम फुटायचा :) शिवाय आपल्याकडे बेरीज 90 असली की कोटिकोन आणि 180 असली की पूरक. हिंदीत मात्र पूरक म्हणजे 90, 180 ला संपूरक. पोरगं मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघून आलं की गोंधळ ठरलेला.

इंग्रजीला माझा विरोध नाही. पुढे तेच लागणार आहे. पण वहीत इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यानं घरातली मोठी माणसं पुन्हा अभ्यासात येतील. नाहीतर ज्यांना काटकोन हातानं आखता येतो, त्यांनाच आपण 'तुम्हाला गणित येत नाही' असं सांगतोय. मला हे फार लागतं.

असो. मंडळी, तुमच्या घरी मुलांचं गणित कोण घेतं? आणि कोणत्या भाषेत? जरूर कळवा.