शून्यावर न येणारा काटा

आमच्या पिढीला डिझेल इंजिन कळलं ते कानानं. विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन हँडल मारून सुरू करायचं आणि वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन कामाला लागायचं. तिथूनही ठोका चुकला की कळायचं. हवा धरली तर नट ढिला करून एअर काढायची. ट्रॅक्टरचा कोणता सिलिंडर मारत नाही हे पाहायला चालू इंजिनावरच एकेका नोझलच्या नळीचा नट ढिला करायचा. ज्याचा नट सोडूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. दहावी शिकलेल्या माणसाला एवढी विद्या पुरून उरायची.

२०१८ सालची एक डिझेल गाडी सेकंडहँड घेतली आणि यातली निम्मी विद्या बाजूला ठेवावी लागली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर नव्या गाड्यांना बीएस फोरचा नियम लागला, त्यातली ही. हिच्यात कॉमन रेल आहे. म्हणजे एक जाड पोलादी नळी. पंप तिच्यात डिझेल दाबून ठेवतो, आणि कोणत्या इंजेक्टरनं कधी, किती वेळ उघडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. दाब किती? आपल्या ठिबकला एक-दीड किलो लागतो, फवारणीच्या एचटीपी पंपाला वीस-तीस. या रेलमध्ये गाडी नुसती उभी राहून चालू असली तरी अडीचशे-तीनशे असतो, आणि जोर लावला की दीड हजाराच्या वर जातो. म्हणून सांगतो, चालू गाडीवर नट ढिला करायची आपली जुनी सवय इथं चालत नाही. तेवढ्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत शिरते. बोट जातं.

हा दाब मोजायला रेलवर अंगठ्याएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. आत पातळ धातूचा पडदा. दाबानं तो किंचित वाकतो, त्या वाकण्याप्रमाणे व्होल्ट बदलतात, आणि ते व्होल्ट वाचून कॉम्प्युटर पंपाला कमी-जास्त करतो. कॉम्प्युटरला रेलच्या आतलं दुसरं काही दिसत नाही. सेन्सर सांगेल ते खरं.

मार्चची उन्हं लागली आणि गाडीनं खोडी सुरू केली. सकाळी थंड्या इंजिनावर सुरळीत. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की ओढ जायची, पिवळा दिवा पेटायचा आणि गाडी बैल बसावा तशी बसायची. गरम असताना लाख सेल्फ मारा, सुरू नाही. बोनेट उघडून अर्धा-पाऊण तास झाडाखाली बसलं की पुन्हा जशीच्या तशी.

नुसती हौसेची गाडी असती तर ताडपत्री टाकून ठेवली असती. पण आमचं गाव पांढरकवड्याहून आत. रात्री-बेरात्री कुणाला यवतमाळला न्यायचं झालं की हाक आमच्याच दारी येते. शेजारची सून तेव्हा नवव्या महिन्यात होती. तिचे सासरे दोनदा येऊन विचारून गेले, "भाऊ, गाडी भरवशाची हाय ना आता?" मी हो म्हणत नव्हतो, नाही म्हणवत नव्हतं.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात नेली. त्यांनी कॉम्प्युटर जोडला. रेलचा दाब बरोबर नाही असा कोड निघाला. त्यावर कागद हातात आला: चारही इंजेक्टर, पंप, मजुरी धरून ८७ हजार. सात हजाराच्या भावानं साडेबारा क्विंटल कापूस. आमच्या कोरडवाहूत ते तीन एकराचं पीक झालं, आणि त्यातून बियाणं-खत अजून वजा व्हायचंच आहे.

तो कागद देणारा पोरगा खोटारडा होता असं मी म्हणत नाही. कोड खराच होता. पण कोड काय बिनसलं ते सांगतो, कशामुळं ते सांगत नाही. पऱ्हाटीवर लाल्या दिसला तर मॅग्नेशियम कमी असेल, तुडतुडे असतील, नाहीतर रात्रीची थंडी असेल. पान नुसतं लाल दिसतं. ते पान कृषी केंद्रात नेलं की बाटली मात्र नक्की मिळते.

गाडी घरी आणली आणि पांढरकवड्याच्या एका मिस्त्रीला बोलावलं. आयटीआय झालेला, माझ्या पोराच्या वयाचा. हातात मावेल एवढा स्कॅनर घेऊन आला. म्हणाला, "काकाजी, आधी फुकटातलं पाहू, मंग पैशाचं."

त्यानं डिझेल फिल्टरच्या तळचा बोल्ट सोडून पाणी आहे का पाहिलं. नव्हतं. मग चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्यांत सोडल्या. परतीच्या नळीत दाब नसतो, तिथं भीती नाही. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. इंजेक्टर झिजलेला असला की त्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते. आमच्या चारही बाटल्या बोटभराच्या फरकानं सारख्या. "इंजेक्टर कायले बदलता? चांगले हायेत," तो म्हणाला. ८७ हजारातला मोठा वाटा त्या चार बाटल्यांनी खोडला.

मग त्यानं चांगली तासभर गाडी फिरवून तापवली. बंद पडू दिली. दोन-चार मिनिटं थांबून नुसती चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, आणि स्कॅनर माझ्यासमोर धरला. रेलचा दाब २२० दाखवत होता.

"इंजन बंद, पंप बंद. दाब कुठून आला जी?"

मला एकदम ठिबकच्या फिल्टरवरचा काटा आठवला. मोटर बंद केली की तो शून्यावर आला पाहिजे. नाही आला तर पाइपलाइन उकरायच्या आधी काटाच बदलून पाहतो आपण. मी म्हटलं, "मोटर बंद अन् काटा दोन किलोवर. असंच ना?"

"हो जी, तसंच होऊन रायलं."

सकाळी थंडीत तोच आकडा शून्य होता. म्हणजे तापला की सेन्सर वाढवून सांगत होता. कॉम्प्युटर बिचारा दाब पुरेसा आहे समजून पंप कमी करायचा, आणि रेलमध्ये खरा दाब इंजेक्टरला पुरेल एवढाही राहायचा नाही. मग ओढ कुठून येणार आणि गरम गाडी सुरू कशी होणार?

तरी त्यानं लगेच सेन्सरवर बोट ठेवलं नाही, हे मला आवडलं. वायर घासली असेल, उंदरानं कुरतडली असेल. आमच्या कोठ्यात उंदरांना काय तोटा! त्यानं पूर्ण वायर हलवून पाहिली, आकडा हलला नाही. मीटर लावला. सेन्सरला पाच व्होल्ट बरोबर येत होते, अर्थिंग बरोबर होती. परतीचा सिग्नल दाब नसताना अर्धा व्होल्ट हवा, तो एकाच्या जवळ अडकलेला. मग मात्र म्हणाला, "सेन्सरच हाय."

सेन्सर नागपूरहून तिसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सनं आला. साडेचार हजार. बसवताना त्यानं आधी ब्रशनं आणि हवेनं रेलवरची सगळी धूळ काढली. इंजेक्टरची भोकं इतकी बारीक, की मातीचा एक कण आत गेला तर खरोखरचे इंजेक्टर बदलावे लागतील. दाब उतरायला इंजिन थंड होऊ दिलं, मग पाना लावला. नवा सेन्सर नेमक्या जोरानं आवळला, कोड पुसला, पुन्हा तापेपर्यंत फिरवली. इंजिन बंद करून चावी फिरवली तर आकडा शून्यावर. मजुरी आठशे घेतली. मी हजार देत होतो, दोनशे परत केले.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरनाही धुराचा कडक नियम आला, आणि तिथंही आता ही रेल आहे. गावातल्या दोन पोरांना मी तो स्कॅनर घ्यायला सांगितलं आहे. एकानं घेतलाही.

सात-आठ दिवसांनी रात्री दीड वाजता शेजाऱ्यांनी दार वाजवलं. सून, तिची सासू आणि एक म्हातारी दाई मागे बसल्या, सासरे माझ्या बाजूला. मोहदा येईपर्यंत मी रस्त्यापेक्षा त्या पिवळ्या दिव्याच्या जागेकडंच जास्त पाहत होतो. जोडमोहा मागं पडलं तेव्हा सासरे म्हणाले, "भाऊ, समोर पाहा."